रडायचं नाही असं ठरलेलं घर

तुमच्या घरात कुणी मेलं आणि रडायचं नाही असं आधीच ठरलेलं असलं, तर त्या दिवशी तुम्ही आपल्या हातांचं काय कराल? रडणाऱ्या माणसाचे हात आपोआप कुठंतरी जातात. तोंडावर, पदराकडे, शेजारच्याच्या खांद्यावर. न रडणाऱ्याचे हात नुसते लोंबत राहतात. माझी मोठी बहीण करुणा गेली त्या दुपारी आई, बाबा आणि मी अशा आम्हा तिघांचे हात लोंबत होते, आणि ते कुठं ठेवायचे हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. मला तर त्या न रडण्याचा अभिमानही वाटत होता. त्या वयात मला कशाचाही अभिमान वाटे, फक्त ते छापील असायला हवं.

कारण मी छापील कागदांवरच वाढले. बाबा मद्रासच्या एका मिशन छापखान्यात मराठी अक्षरांचे खिळे जुळवत. तिथं निरनिराळ्या भाषांत धर्मपत्रकं निघत, आणि मराठीसाठी म्हणून बाबांना नगरकडून बोलावून घेतलं होतं. अख्ख्या छापखान्यात मराठी वाचू शकणारा माणूस एकच, तोही खिळे जुळवणारा. त्यामुळे जुळणी तेच करत, मुद्रितं तेच तपासत आणि आपल्या चुका आपणच शोधून आपल्यालाच रागावत. वाया गेलेले कागद घरी येत. आमच्या फडताळात पत्रकं अंथरलेली, शाळेच्या पुस्तकांना पत्रकांची वेष्टणं, हिंगाच्या पुडीलाही पत्रक. ‘मरणानंतर काय?’ हा प्रश्न मी प्रथम वाचला तो मिठाच्या बरणीखाली. अक्षरओळख तिथं झाली आणि मतंही तिथंच झाली. दहा-बारा वर्षांची मुलगी पापक्षमेवर वाद घालते हे बघून पाहुणे हसत, पण त्या वादात मला हरवणं सोपं नव्हतं.

पुरसवाक्कमच्या एका गल्लीत, कनकम्मा नावाच्या म्हाताऱ्या विधवेच्या घराचा मागचा भाग आम्ही भाड्यानं घेतला होता. पुढं ती, मागं आम्ही, मधे चौकात एक नळ. आम्ही मुली तिला पाट्टी म्हणायचो, म्हणजे आजी. रेल्वे कारखान्याचा भोंगा झाला की तिच्याकडे कॉफी दळायचं यंत्र सुरू व्हायचं आणि आमच्याकडे आईच्या भाकऱ्यांची थापथाप. तिकडं बाजरीला कंबू म्हणतात. आई ती निवडून, दळून आणायची आणि नगरसारखी भाकरी थापायची. गल्लीतली पोरं दारात येऊन त्या तालावर टाळ्या वाजवत. आई भाकरी थापताना गायची. बाहेर तिला कुणाशी दोन वाक्यं धड बोलता येत नसत, म्हणून दिवसभराचा सगळा आवाज ती चुलीपुढं खर्च करायची.

आमच्याइतकं एकटं घर त्या शहरात दुसरं नसावं. रविवारी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, जायचो, तिथं सगळं तमिळ. माणसं प्रेमळ होती, पण ती आमच्याशी मोठ्या आवाजात, तुटक तुटक बोलत, जणू आम्हाला ऐकू कमी येतं. शेजारच्या गल्लीत तंजावरकडची मराठी कुटुंबं होती. पिढ्यान्‌पिढ्या तिथं राहून त्यांची मराठी जुन्या पोथीतल्यासारखी झालेली. तिथल्या एका बाईंनी आईला मराठी बोलताना ऐकून हौसेनं घरी बोलावलं. आम्ही ख्रिस्ती आहोत हे कळल्यावर त्यांनी कॉफी दिलीच, पण ओसरीवर, आणि वेगळ्या पेल्यात. परत येताना आई पदर ओढून भरभर चालत होती. मी मात्र गल्लीभर बोलत आले. करुणा अंथरुणातून म्हणाली, “अगं, कॉफी कशी होती ते तर सांग.”

करुणा माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. तिच्या खुब्याच्या हाडाला क्षय झाला होता. कमरेपासून घोट्यापर्यंत प्लास्टर, आणि चौकालगतच्या व्हरांड्यात तिची खाट. मद्रासच्या उन्हाळ्यात त्या प्लास्टरच्या आत काय होत असेल ते मी लिहिणार नाही. ती विणकामाची एक लांब सुई आत घालून खाजवायची आणि तेवढ्यापुरते डोळे मिटायची. तिच्याशी बोलणं हेच माझं जग होतं. शाळेत मी इंग्रजी बोले, गल्लीत तमिळ, पण थट्टा मात्र मराठीतच करता येई आणि ती फक्त तिच्याशी.

“पत्रकबाई,” ती म्हणायची, “तिकडे वर मला प्लास्टर असेल का हो?”

“तिथं दुखणं नाही, मरण नाही, रात्रसुद्धा नाही,” मी पाठ म्हटल्यासारखं सांगायची.

“आणि भाषा कुठली? तमिळ असेल तर माझं अवघड आहे. मला अजून त्यांचा तो जीभ वळवायचा ‘ळ’ नीट जमत नाही.”

“सगळ्या भाषा असतील.”

“म्हणजे तिथंही बाबा एका कोपऱ्यात मराठी खिळे जुळवत बसणार,” ती म्हणाली, आणि हसता हसता कळ आली म्हणून खाटेची कड घट्ट धरून पडून राहिली.

हे लिहिताना एक गोष्ट मला स्पष्ट सांगायची आहे. करुणाची आशा ही आजारी मुलीची समजूत नव्हती. ती देवाकडं जायची वाट, परगावी निघालेलं माणूस जशी बारीकसारीक चौकशी करतं, तशी विचारून घेत होती. तिथं आपण धावणार, प्रभूच्या पायाशी बसणार, आणि आपण लहान असताना गेलेल्या नगरच्या काकूला ओळखणार, याबद्दल तिला शंका नव्हती. शंका मला होती. म्हणून तर मी इतक्या जोरात बोलायची.

एका सकाळी आई नळावर होती. करुणाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, अगदी कानापर्यंत. मी घाबरून म्हणाले, “बाबा येतील. रडू नकोस.” आमच्या घरात तो नियमच होता. बाबांनी जुळवलेल्या एका पत्रकात एक परिच्छेद होता की मरणापुढं आणि दुखण्यापुढं विश्वासणाऱ्यानं रडू नये. रडतात ती आशा नसलेली माणसं. आपल्या अश्रूंनी देवाच्या वचनावर डाग पडतो. ते कुणा परदेशी पाद्र्यानं लिहिलेलं होतं आणि बाबांनी ते खिळ्या-खिळ्यानं जुळवलं होतं. जी गोष्ट स्वतःच्या बोटांनी उलटी जुळवून छापलेली असते, ती खोटी असेल असं माणसाला वाटत नाही.

करुणा म्हणाली, “एस्तेर, त्याच पत्रकात शेवटी काय आहे? देव आपल्या हातानं सगळ्यांचे डोळे पुसणार. हो ना?”

“हो.”

“मग कोरडे डोळे घेऊन गेलं तर तो काय पुसणार? त्याला बिचाऱ्याला काही काम नको?” आणि मग उशीत तोंड लपवून म्हणाली, “मी तर ओलेच नेणार. आईला सांगू नकोस, ती रडेल.”

मी सांगितलं नाही.

क्षय पुढं मेंदूत गेला, असं डॉक्टर म्हणाले. शेवटच्या दिवशी तिनं कंबूची भाकरी मागितली. आईनं थापली. करुणानं ती नुसती हातात धरली, हाताला ऊन लागेल तितका वेळ. आई खाटेशी बसली होती. करुणा तिला म्हणाली, “तू सावकाश ये. घाई करू नकोस. मी तुझी जागा धरून ठेवते.” गावाकडं जाताना बसमध्ये आधी चढून ती नेहमी आईसाठी पिशवी टाकून जागा धरायची, तेच शब्द. दुपारी पुढच्या घरात कॉफीचं यंत्र चालू असताना ती गेली.

गल्लीला काही कळलंच नाही. मरण झालं की तिथं घरातून हंबरडा निघतो, त्यावरून माणसं धावत येतात. आमच्या घरातून काहीच आवाज निघाला नाही. बाबांनी जाऊन पाट्टीला सांगितलं, तेव्हा ती हातातलं भांडं तिथंच टाकून आली. खाटेपाशी बसली, केस सोडले, छातीवर हात मारला आणि त्यांच्याकडे म्हणतात तसा विलाप सुरू केला. माझ्या सोन्या, माझ्या डोळ्या, तुझ्या आईला टाकून कुठं चाललीस. बाबा पुढं झाले. हात जोडून म्हणाले, “पाट्टी, आमच्यात रडत नाहीत. ती देवाकडे गेली आहे.”

पाट्टी शब्दाच्या मधेच थांबली. तिनं बाबांकडं पाहिलं, मग आईकडं. आई भिंतीला टेकून उभी होती. पाट्टीनं पदराचा बोळा तोंडात धरला आणि शेवटपर्यंत तशीच बसून राहिली.

कीळपाकच्या दफनभूमीत माती दिली. देवळातल्या लोकांनी तमिळ गीत गाईलं, आम्ही ओठ हलवले. बाहेर पडताना बाबांनी खिशातून ती पत्रकं काढली आणि प्रत्येकाला एकेक दिलं. मराठी पत्रकं, जिथं आम्हा तिघांखेरीज ती कुणालाच वाचता येत नव्हती. लोकांनी दोन्ही हातांनी घेतली आणि नीट घडी करून ठेवली. मयताच्या घरचा कागद म्हणून पाट्टीनं आपला कागद देवांच्या तसबिरीपाशी ठेवला आणि त्याला कुंकू लावलं. बाबांना ते आवडलं नाही. मला आज वाटतं, त्या पत्रकाला तेवढा मान कधीच कुणी दिला नसेल.

देवळातले पाळक आले आणि म्हणाले, मोठा विश्वास आहे तुमचा. बाबांनी मान खाली घातली, आणि संध्याकाळच्या प्रार्थनेत त्यांचा आवाज आणखी उंच लागला. शाळेत बाईंनी विचारलं तेव्हा मी उभी राहून ठणकावून सांगितलं, “माझी बहीण मेलेली नाही.” ते खरंच होतं, आजही खरं आहे. पण त्या दिवसापासून मुली माझ्याशेजारी बसेनात. मधल्या सुट्टीत मी भिंतीकडं तोंड करून डबा खायची. डब्यात आता भात असायचा, रोज भात. आईनं भाकरी थापणं सोडलं होतं.

आई सगळं करत होती. पाणी भरी, चूल पेटवी, बाबांचा सदरा धुई, विचारलं तर उत्तर देई. पण गाणं गेलं आणि थापथाप गेली. व्हरांड्यात ती पाऊल टाकेना. नळावर जायलासुद्धा ती चौकाच्या दुसऱ्या कडेनं जायची. भाताचे चार घास घेऊन ताट सरकवायची. तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. डॉक्टरांना काही सापडलं नाही, त्यांनी टॉनिक दिलं. मला मात्र ठाऊक होतं. तिकडं जागा धरलेली होती, आणि आई घाई करायला लागली होती. मी बाबांना म्हणाले, “आई मरेल.” बाबा म्हणाले, “तिला प्रार्थनेत आण.” मी तिला प्रार्थनेत आणलं. ती डोळे मिटून बसली आणि तशीच झोपली, थकलेल्या लहान मुलासारखी. मला वाटलं, मी या घरात आता एकटी उरणार, बाबांच्या आवाजाबरोबर.

पुनरुत्थानाच्या रविवारी, म्हणजे ईस्टरला, उजाडताना, देवळातली सगळी माणसं दफनभूमीत जात. आपापल्या माणसांच्या कबरी धुऊन, मेणबत्त्या लावून, फुलं घालून मग उपासना. त्या वर्षी आम्हीही निघालो, तर दाराशी पाट्टी उभी. हातात मोगऱ्याचा गजरा. म्हणाली, “मी येते. मला कुणी नको म्हणू नका.” बाबा नाही म्हणाले नाहीत.

करुणाची कबर अजून मातीचीच होती, वर लाकडी क्रूस. आजूबाजूला तमिळ बाया कबरींना मिठ्या मारून रडत होत्या आणि रडून झालं की उठून, नाक पुसून, गात होत्या. मी ते प्रथमच नीट पाहत होते. बाबा ताठ उभे होते. पाट्टी उकिडवी बसली, गजरा मातीवर पसरला आणि अगदी हळू, तोंडातल्या तोंडात, तिनं तो अर्धवट राहिलेला विलाप पुन्हा धरला.

“पाट्टी,” बाबा म्हणाले, “ती देवापाशी आहे.”

“असू दे की. पोरीचं दुखणं सुटलं, चांगलंच झालं,” पाट्टी म्हणाली. “पण तो तिला या बाईच्या मांडीवरून घेऊन गेला. मांडी रिकामी झाली त्याचं काय?”

“आशा असलेली माणसं...” बाबांनी सुरुवात केली.

मला पुढचं वाक्य पाठ होतं. परिच्छेद पाठ होता, पान पाठ होतं. आणि का कुणास ठाऊक, ते वाक्य बाबांच्या तोंडून पूर्ण होण्याआधी मी बोलले. “बाबा, करुणा म्हणाली होती, कोरडे डोळे नेले तर देव काय पुसणार? ती म्हणाली, मी ओलेच नेणार.”

बाबांचे ओठ हलत होते. ते पत्रकाचं शेवटचं पान मनात लावून पाहत असावेत, जिथं देवाचा तो हात होता. ते पानही त्यांनीच जुळवलं होतं.

आईनं मान वर केली. कित्येक दिवसांनी तिनं माझ्याकडं नीट पाहिलं. “असं म्हणाली ती?”

“हो.”

“कधी?”

“सकाळी. तू नळावर होतीस.”

“मला का नाही सांगितलं?”

“ती म्हणाली, आईला सांगू नकोस, आई रडेल.”

आईला आधी हसू आलं. खरंच हसू, करुणाच्या थट्टेला यायचं तसं. आणि त्या हसण्याच्या मधूनच तिचा आवाज फुटला. ती मातीवर बसली आणि आमच्या गावाकडच्या बाया रडतात तशी, सूर काढून, नाव घेऊन, एकेक आठवण सांगून रडायला लागली. तुझी वेणी घालायची राहिली गं बाई. तुझ्या हातातली भाकरी खायची राहिली. शेजारी पाट्टी तमिळमध्ये रडत होती. दोघींना एकमेकींचा शब्द कळत नव्हता आणि दोघी एकमेकींना ओळीनं उत्तर देत होत्या. बाबा बराच वेळ उभे राहिले. मग ते त्यांच्या एकुलत्या चांगल्या पँटनिशी कबरी धुतलेल्या पाण्याच्या चिखलात बसले आणि त्यांनी आईच्या पाठीवर हात ठेवला. हात कुठं ठेवायचा ते त्यांना सापडलं. मी त्या दोघांच्या मधे शिरले. बाकी काही आठवत नाही, पाट्टीच्या गजऱ्याचा वास सोडून.

ऊन वर आलं तेव्हा आईनं डोळे पुसले आणि भाकरी थापताना म्हणायची ते भजन म्हटलं. पहिली ओळ घोगरी आली. दुसरीला बाबांनी साथ दिली. तमिळ मंडळी मागं येऊन उभी राहिली. त्यांना शब्द कळत नव्हते, पण ओठ हलवायची पाळी आता त्यांची होती.

त्या दुपारी घरात थापथाप ऐकू आली. आईनं पहिली भाकरी पाट्टीला नेऊन दिली. तिनं तुकडा मोडला, चावला, पुन्हा चावला, आणि म्हणाली, “हे तुम्ही रोज खाता? मग दातांचं काय करता?” मी ते आईला मराठीत सांगितलं, आणि ती व्हरांड्यातल्या रिकाम्या खाटेवर बसून हसत राहिली. ती उठल्यावर खाट रिकामीच होती, ते काही बदललं नव्हतं. माझ्यासाठी ती पुढंही कितीतरी वर्षं रिकामी राहिली. थट्टा करायला भाषा उरली, माणूस उरलं नाही.

पुढं ते पत्रक पुन्हा छापायला आलं. बाबांनी तो रडू नये म्हणणारा परिच्छेद जुळवलाच नाही. त्याच्या जागी दुसरं काही घालायचा त्यांना अधिकार नव्हता, म्हणून तेवढी जागा कोरी सोडली. छापखान्यात कुणी ती पाहिली असेल तर त्याला वाटलं असेल, मराठीत अशीच जागा सोडतात. नगरकडचा एक पाहुणा ते पाहून म्हणाला, “मास्तर, इथं छपाई राहिलीय.” बाबा म्हणाले, “राहू दे. वाचणाऱ्यानं तिथं थोडं थांबायचं आहे.” मी पुढं आयुष्यभर पत्रकं लिहिली, जमिनीच्या हक्कावर, दारूवर, बायकांच्या मजुरीवर, आणि त्यांतलं एकही मी त्या कोऱ्या जागेइतकं खरं लिहू शकले नाही.

आता आई नाही, बाबा नाहीत, पाट्टी तर केव्हाच गेली. पुरसवाक्कमचं ते घर पाडलं. मी एकटी राहते आणि भाकरी मला थापता येत नाही. पण मी वाट पाहते आहे, आणि ही समजूत नव्हे, हे मी पूर्वीसारखंच ठणकावून सांगते. दुखण्यापलीकडं देव आहे, त्याच्यापाशी करुणा आहे, आणि आईच्या पलीकडची जागाही तिनं पिशवी टाकून धरलेली असणार. मी तिथं ओल्या डोळ्यांनीच पोचेन. इतक्या वर्षांत ते पुरते सुकले नाहीत, याची आता मला लाज वाटत नाही.

तुमच्याकडं मी एकच मागते. उद्या कुणाच्या घरी मयत झालं आणि तुम्ही तिथं गेलात, तर उंबऱ्यावर ‘रडू नका’ हे शब्द तोंडात येतील. ते गिळा. आत जा, त्या माणसाशेजारी खाली बसा, आणि तुमचा हात त्याच्या पाठीवर ठेवा. देवाच्या घराबद्दल तुम्हाला जे ठाऊक असेल ते अवश्य सांगा, पण नंतर. आणि माझ्या मातीला आलात तर तसंच करा. आधी रडा, मग गा. क्रम चुकवू नका.